भासाचा रकाना

सोमवार, ४ मार्च

नवा फॉर्म आला. साहेबांनी स्वतःच्या हाताने वाटला, घरच्या लग्नाची पत्रिका द्यावी तशा थाटात. आजवर कोणी गॅसचा वास येतो म्हणून तक्रार केली आणि तिथे काही सापडलं नाही, की लिहायचं — 'तपासणीअंती गळती आढळली नाही.' आता तेवढीही शाई घालवायची नाही. दोन रकाने. एक 'गळती', दुसरा 'भास'. खूण करा, सही ठोका, एक प्रत घरमालकाच्या हातात द्या, पुढचं दार वाजवा. लोकांना समजायला सोपं, म्हणे. साहेबांना पाना कुठल्या हाताने धरायचा हे मी शिकवलं, एकोणीस वर्षांपूर्वी. आता ते मला शब्द शिकवतात!

आज चार घरं. चारही भास. शेवटचं घर दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंचं. शाळेत भाषा शिकवायच्या, निवृत्त होऊनही पंधरा वर्षं झाली, गल्लीत अजून सगळे बाईच म्हणतात. एकट्या राहतात. तिसरी तक्रार. ओट्याजवळ सकाळी वास येतो म्हणाल्या. नेहमीप्रमाणे त्यांच्या समोर गळती शोधायचं मीटर सुरू केलं, दोन मिनिटं धरलं. शून्य. जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही. खूण केली, चिठ्ठी दिली. बाईंनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, हा शब्द कोणी निवडला? मी म्हटलं, ऑफिसने. त्या म्हणाल्या, ऑफिसला म्हणावं अर्थ विचारून मग छापायचा होता.

उतरताना जिना मोजला. एकोणतीस पायऱ्या. तीन फेऱ्यांच्या सत्याऐंशी, त्याही न आलेल्या वासापायी.

मंगळवार, ५ मार्च

सात ठिकाणं, सातही भास. त्यात एक वृद्धाश्रम. मागच्या गल्लीतून थेट स्वयंपाकघरात नेलं. तिथे तर एकाच वेळी चौदा जणांना वास! एकाला आला की सगळ्यांना येतो, जांभईसारखा. शून्य. व्यवस्थापकांनी चिठ्ठी हातात घेऊन दोनदा आभार मानले.

गुरुवार, ७ मार्च

ही आता जेवताना काही विचारत नाही. पूर्वी पहिल्या घासालाच विचारायची, कसं झालंय. गेल्या एप्रिलातल्या तापानंतर मी दरवेळी 'बरं आहे' म्हणत गेलो. मग तिने विचारणंच सोडलं.

इथे तरी लिहावं. मला वास येत नाही. ताप उतरला तेव्हा नाक घेऊनच गेला. तिखट-मीठ जिभेला कळतं, बाकी सगळा कागद. साबण, पाऊस, घाम, फिनेल — सगळं सारखं. ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही. गॅसच्या माणसाला नाक नाही म्हणजे शिंप्याला डोळे नाहीत! सव्वीस वर्षं झाली, चार राहिली. घरी बसवतील.

दरवर्षी नाकाची परीक्षा असते. तीन बाटल्या ठेवतात, एकीत गॅसचा वास. यंदा रांगेत मी मुद्दाम पाचवा उभा राहिलो. पुढच्याने दुसरी बाटली हुंगून तोंड वाकडं केलं. मीही दुसरीलाच वाकडं केलं. पास! शेरा — उत्तम.

नाक लागतंच कशाला? नवं मीटर आहे. मीटरला ताप येत नाही.

मंगळवार, १२ मार्च

पुन्हा बाई. चौथी फेरी. त्यांचा मुलगाही आला होता. चाळिशीचा, नीटस, बोलायला मऊ. आईची काळजी वाटते म्हणाला. सकाळी सहाला फोन करते, वास येतोय म्हणते, मी धावत येतो, मला तर काही येत नाही. (सर्दी कायमचीच दिसते त्याला. बोलताना तीनदा रुमाल काढला.)

मी ओट्यासमोर मधोमध उभा राहिलो, मीटर बाईंच्या डोळ्यांपुढे धरलं आणि मगच सुरू केलं. हा माझा शिरस्ता. पूर्वी लोक म्हणायचे, बाहेरून काहीतरी करून आणता आणि आत शून्य दाखवता. म्हणून मी सगळं त्यांच्या देखत करतो. नंतर कोणी बोट दाखवायला नको.

शून्य.

बाईंनी चहा दिला. गरम होता एवढं कळलं. मग मला समोर बसवून त्यांनी अक्षरशः वर्ग घेतला. मी चोपन्न वर्षांचा, मांडीवर पान्यांची पिशवी, आणि समोर बाई! म्हणाल्या, "स्वप्न झोपेत पडतं. कल्पना माणूस स्वतः करतो. भ्रम ज्याला होतो त्याला तो कळत नाही. भासाचं वेगळं आहे. कोणी हाक मारली असं वाटतं, आपण वळून बघतो, मागे कोणी नसतं, आणि मग आपणच म्हणतो, मला भास झाला. हा शब्द ज्याचा त्याने वापरायचा. स्वतः वळून बघितल्यावर."

मी म्हटलं, बघितलं की मी.

"तुम्ही मीटर बघितलंत. तुम्हाला स्वतःला येतो का वास?"

"नाही," म्हटलं. दिवसभरात बोललेलं तेवढं एकच खरं वाक्य.

मुलगा जिन्यापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, आधीच्या पहिल्या दोन तपासण्यांच्याही चिठ्ठ्या याच नव्या फॉर्मवर मिळतील का? सही-शिक्क्यासकट. मी दिल्या लिहून. सव्वीस वर्षांत माझ्या सहीची कोणाला गरज पडली नव्हती. जरा वळणदारच केली.

बुधवार, १३ मार्च

साहेबांचा नवा हुकूम. एका घराचे तीन भास झाले की नाव वेगळ्या यादीत. मग तिथला फोन आला तरी माणूस पाठवायचा नाही, 'नोंद घेतली' म्हणायचं. बाईंचे चार झालेत. सुटलो बुवा.

मंगळवार, १९ मार्च

बाई ऑफिसात आल्या! दोन तास बाकावर बसून होत्या. हातात अर्ज, अक्षर असं की छापून घ्यावं. साहेबांनी तो मोठ्याने वाचला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. 'माझ्या घ्राणेंद्रियावर मला अजून विश्वास आहे' — एवढ्यावर टेबलामागचे सगळे हसले. मीही हसलो. साहेब हसले की मी हसतो, नोकरीचाच भाग आहे तो.

जाताना बाई माझ्या टेबलाशी थांबल्या. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "तुमच्या चिठ्ठ्या माझ्या मुलाने फाइलला लावल्यात. डॉक्टरांना दाखवणार आहे. एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं."

मी काय करू? मीटर शून्य दाखवतं. मी एकवीस लिहू का?

शुक्रवार, २२ मार्च

काही नाही. पाच घरं. पाच भास.

मंगळवार, २६ मार्च

बाईंचा मुलगा आला होता, कनेक्शन बंद करण्याचा अर्ज घेऊन. आईला एका चांगल्या ठिकाणी ठेवलंय म्हणाला, सगळी सोय आहे, तिच्या वयाची माणसं आहेत. जागा रिकामी करून रंग काढायचाय. मग माझा हात हातात घेऊन म्हणाला, आईला भास होतात असं डॉक्टर आधी नुसत्या आमच्या सांगण्यावर लिहून द्यायला तयार नव्हते, तुमच्या चिठ्ठ्यांचा फार उपयोग झाला.

उपयोग झाला! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा कोणी हात धरून माझे आभार मानले, तेही यासाठी. दिवसभर तो हात धुवावासा वाटत राहिला.

आणि ठेवलंय म्हणतो. आईला, ठेवलंय.

शुक्रवार, २९ मार्च

संध्याकाळी ही खाली गेली होती, कपडे आणायला. मी पेपर वाचत बसलो होतो. ती आली ती दारातूनच धावत आत गेली. दूध उतू जाऊन पातेलं काळं ठिक्कर, घरभर धूर. खिडक्या उघडल्या, गॅस बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडेल वाटलं होतं.

"तुम्हाला वास येत नाही," म्हणाली. "कधीपासून?"

सांगितलं. तापापासून. तशी ती खुर्चीत बसली. मला वाटलं नोकरीचं विचारेल. तिने भलतंच विचारलं — म्हणजे वर्षभर मी करते ते सगळं तुम्हाला काहीच लागत नव्हतं? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मला वाटलं मीच नकोशी झालेय.

रडली थोडी. मग पातेलं घासायला घेतलं आणि पाठमोरी म्हणाली, सांगून टाका ऑफिसात, त्या लोकांची घरं आहेत.

मी म्हटलं, मीटर आहे ना.

मंगळवार, २ एप्रिल

आजचं लिहूच नये असं वाटतं. तरी लिहितो.

मीटरची वार्षिक तपासणी होती. कार्यशाळेतला मीटर दुरुस्त करणारा, आम्ही त्याला डॉक्टर म्हणतो. त्याने ते सगळं तपासलं, ठणठणीत आहे म्हणाला. मग सहज विचारलं, कुठे सुरू करता? मी छाती काढून सांगितलं — लोकांसमोर, त्यांच्या स्वयंपाकघरात, सगळं देखत.

त्याने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. म्हणाला, "आत सुरू करता? अहो, हे जुन्यासारखं नाही. हे सुरू झालं की समोर जी हवा असेल तिलाच शून्य धरतं. आत गॅस असेल तर त्यालाच शून्य म्हणेल. म्हणून बाहेर, मोकळ्या हवेत सुरू करायचं आणि मग चालू मीटर आत न्यायचं. प्रशिक्षणात सांगितलं होतं की सगळ्यांना!"

प्रशिक्षण गेल्या एप्रिलात झालं. मी तापाने पडलो होतो.

एक ताप. त्याने नाक नेलं आणि तो एक दिवसही नेला. नाक असतं तर आकड्याशी भांडलो असतो, म्हणालो असतो — अरे, मला तर येतोय! दोन्ही गेलं. मागे राहिला एक आंधळा माणूस आणि त्याच्या हातात एक खोटं बोलणारं मीटर. मीटर तरी कुठे खोटं बोललं? मी त्याला ज्या हवेत डोळे उघडायला लावले तीच त्याने खरी मानली.

बुधवार, ३ एप्रिल

बाईंच्या घरी गेलो. मुलगा होताच, रंगाचे डबे आलेले. कनेक्शन बंद करायला आलोय म्हटलं. मीटर खाली रस्त्यावर सुरू केलं, दोन मिनिटं थांबलो, एकोणतीस पायऱ्या चढलो, आत गेलो.

दिवाणखान्यात दोन. ओट्यापाशी सात. ओट्याखालच्या कपाटात, भिंतीला टेकवलं तेव्हा चौदा.

एक टाइल काढली. पाईप भिंतीतून गेलेला, आतून गंजलेला. साबणाचं पाणी भिंतीत कुठून जाणार? मी वरवरचे जोड धूत बसलो होतो!

मुलाला आकडा दाखवला. त्याने रुमाल काढून नाक पुसलं. मला वाटलं, आता मटकन खाली बसेल. म्हणाला, "बरं झालं सापडलं. रंगारी उद्यापासून येणार होते." मी म्हटलं, तुमच्या आईचं खरं होतं. तर म्हणाला, "ती आता रुळलीय तिथे. आता परत हे कशाला काढायचं? डॉक्टरांनी एकदा लिहिलंय."

नवी चिठ्ठी लिहिली. गळतीच्या रकान्यात खूण केली आणि खाली मोकळ्या जागेत — 'आधीच्या चारही तपासण्यांत चूक तपासनिसाची. राहणाऱ्या बाईंची नाही.' त्याने ती न वाचताच खिशात घातली. आमची प्रत माझ्याकडे आहे.

आश्रमाचा पत्ता मागितला. दिला, कुरकुरत.

गुरुवार, ४ एप्रिल

साहेबांना सगळं सांगितलं. मीटरचं आधी, मग नाकाचं. दार लावून घेतलं त्यांनी. किती घरं? म्हटलं, अकरा महिन्यांत दोनशे बारा. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग मला म्हणाले, "काका, तुम्ही माझे गुरू. मी तुम्हाला घरी बसवणार नाही. पण हे आपल्या दोघांतच ठेवा. पुढच्या महिन्यात वार्षिक सफाई म्हणून सगळी घरं गुपचूप परत तपासून घेऊ."

पुढच्या महिन्यात! मी म्हटलं, तोवर? म्हणाले, इतके दिवस काही झालं का? नाही ना?

किती वर्षांनी काका म्हणाले.

बाईंसाठी एक पत्र द्या म्हटलं, ऑफिसच्या शिक्क्याचं. ते नाही म्हणाले. शिक्का भासासाठी चालतो, खऱ्यासाठी चालत नाही.

शुक्रवार, ५ एप्रिल

न विचारता सुरुवात केली. यादी शेवटून धरली, नवी घरं आधी. कामानंतर तीन झाली. दोन खरंच शून्य. तिसऱ्यात सहा. त्या घरातली सून म्हणाली, सासूबाई रोज सांगायच्या, आम्ही तुमची चिठ्ठी दाखवून त्यांना गप्प बसवायचो.

शनिवार, ६ एप्रिल

अकरा घरं. पाय सुजले. अठ्ठावीस मार्चपर्यंत आलो. हिने डबा बांधून दिला आणि त्यात काय काय आहे ते कागदावर लिहिलं — आंबट, कुरकुरीत, जरा जळजळीत. वाचून जेवलो.

रविवार, ७ एप्रिल

पत्र मीच लिहिलं, माझ्या सहीने, शिक्क्याशिवाय. बाईंना भेटायला गेलो. मीटर पिशवीत घेतलं, कसं सुरू करायला हवं होतं ते त्यांना दाखवावं म्हणून.

पुढच्या फाटकातून गेलो. बाग, बाकं, स्वच्छ व्हरांडा. बाई एका टोकाला खुर्चीत. तीन आठवड्यांत हडकल्या. केस कोणीतरी कापून टाकलेत. मला ओळखलं. मी उभ्यानेच पत्र वाचून दाखवलं — चूक माझी, गॅस खरा होता, भिंतीत होता, आकडा चौदा. पाया पडावंसं वाटत होतं.

त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर म्हणाल्या, "नाही हो. मला भास झाला होता."

मला वाटलं ऐकू आलं नसेल. परत सांगितलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पत्राची घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवली.

"दर बुधवारी डॉक्टर येतात," म्हणाल्या. "विचारतात, आता वास येतो का? पहिल्या बुधवारी मी हो म्हटलं, तर गोळ्या वाढल्या. आता नाही म्हणते. मला भास झाला होता म्हणते. वाक्य शुद्ध आहे. सगळ्यांना आवडतं."

मी निघालो, तसा त्यांनी माझा मनगटाशी हात धरला. ओठ न हलवता बोलावं तसं बोलल्या.

"इथेही येतो. आले त्या दिवसापासून. कोणाला सांगितलं नाही."

मी श्वास ओढून घेतला. खोल, छाती दुखेपर्यंत. मला काय येणार, कप्पाळ!

बाहेर रस्त्यावर गेलो. मीटर सुरू केलं. मोकळ्या हवेत दोन मिनिटं मोजली. मग बाईंनी बोट दाखवलं तिकडे, घराला वळसा घालून, मागच्या बाजूला गेलो. तिथली गल्ली बघितली आणि पाय थांबले.

पुढचं आज लिहवत नाही.

सोमवार, ८ एप्रिल

स्वयंपाकघरात एकवीस. सगळ्यांना बाहेर आणून बागेत बसवलं, मुख्य झडप बंद केली. एकेकाला विचारलं. बाई धरून पंधरा जणांना रोज वास येत होता. पंधराही गप्प होते.

स्वयंपाकघराच्या दारावर, सगळ्यांना दिसेल अशी, चिठ्ठी डकवलेली आहे. ५ मार्च. भासाच्या रकान्यात खूण. खाली माझी सही. बाईंनी ती पहिल्याच दिवशी वाचली होती.